हर्ली सर, थांबणं सगळ्यांना परवडू द्या

श्री. डॅन हर्ली यांस,
मुख्य प्रशिक्षक, पुरुष बास्केटबॉल संघ,
कनेटिकट विद्यापीठ, स्टॉर्स.

हर्ली सर,



१० जून २०२४ रोजी तुम्ही लॉस एंजेलिस लेकर्स या व्यावसायिक संघाच्या लोकांना नकार कळवलात. सहा वर्षांचे सात कोटी डॉलर द्यायला ते तयार होते, असं बातम्यांत आलं होतं. शुक्रवारी तुम्ही तिकडे जाऊन त्यांच्याशी बोलून आलात, शनिवार-रविवार विचार केलात आणि सोमवारी कनेटिकटमध्येच राहायचं ठरवलंत. दोनच महिन्यांपूर्वी तुमच्या संघानं पर्ड्यूला ७५–६० असं हरवून सलग दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. फ्लॉरिडानं २००६ आणि २००७ मध्ये ते साधलं होतं, त्यानंतर कोणालाच जमलं नव्हतं. अशा भरात असताना एवढं मोठं बोलावणं आलं आणि तुम्ही जागचे हलला नाहीत, याचं देशभर कौतुक झालं.

ते योग्यच होतं, मलाही आनंद झाला. पण त्या दिवसांत जो तो तुमच्या निष्ठेबद्दल बोलत होता. निष्ठा परवडण्यासाठी काय काय लागतं, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. हे पत्र त्याबद्दल आहे. तुमच्याबद्दल तक्रार नाही, तुमच्याकडे मागणं आहे.

मी जर्सी सिटीत राहते. कॉलेजात असताना नागपूरला बास्केटबॉल खेळले आणि इथं आल्यावर तुमच्या देशातलं कॉलेज बास्केटबॉल आवडीनं पाहत आले. पत्र मराठीत लिहितेय, कारण न्यू जर्सीत माझ्यासारखी मराठी माणसं भरपूर आहेत. मार्च महिना लागला की ती ऑफिसात एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचे अंदाज भरतात, त्यांची मुलं इथल्या कॉलेजांत शिकतात. पण मैदानाच्या कडेला उभा असलेला तो कोटातला माणूस आज या कॉलेजात, तर उद्या त्या कॉलेजात का दिसतो आणि त्याच्या जाण्यानं मागे काय होतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. तुम्हाला लिहिताना त्यांनाही सांगावं, असं मनात आहे.

सुरुवात तुमच्या घरापासूनच करते. आमच्या गावातल्या नेवार्क अव्हेन्यूवरून जर्नल स्क्वेअरकडे चढत गेलं की इंडिया स्क्वेअर लागतो. किराणा, मिठाई, साड्या सगळं तिथं मिळतं. आमच्या लोकांची शनिवारी पिशव्या घेऊन तिथं गर्दी असते. त्याच रस्त्यावर खालच्या अंगाला व्हाइट ईगल हॉल आहे. आता तिथं गाण्याचे कार्यक्रम होतात. एके काळी तिथं बिंगो चालायचा आणि त्याच सभागृहात सेंट अँथनी हायस्कूलची मुलं बास्केटबॉलचा सराव करायची, कारण शाळेला स्वतःची जिमच नव्हती. त्या मुलांना शिकवणारे बॉब हर्ली, म्हणजे तुमचे वडील. हडसन काउंटीत ते प्रोबेशन ऑफिसर होते. दिवसा गुन्ह्याच्या वाटेला लागलेल्या पोरांची प्रकरणं सांभाळायची आणि संध्याकाळी इतर पोरं त्या वाटेला लागू नयेत म्हणून बिंगोच्या हॉलमध्ये घाम गाळायचा. १९७२ ते २०१७, तब्बल पंचेचाळीस वर्षं. हजारावर सामने जिंकले, पंचवीसहून अधिक राज्य विजेतेपदं मिळवली. शंभरावर मुलांना त्यांच्यामुळे कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. २०१० साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. शाळेतल्या प्रशिक्षकाला हा मान क्वचितच मिळतो. कॉलेजांची बोलावणी त्यांनाही आली, पण ते गेले नाहीत.

मराठी वाचकाला हे पटकन समजतं, कारण आमच्याकडे रमाकांत आचरेकर सर होऊन गेले. बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी शिवाजी पार्कवर उभं आयुष्य मुलांना क्रिकेट शिकवलं. अशा माणसांबद्दल आपण आदरानं बोलतो, मान खाली घालून नमस्कार करतो. पण तुमच्या वडिलांच्या गोष्टीचा शेवट मला झोंबतो. २०१७ च्या जूनमध्ये सेंट अँथनी बंद पडली. विद्यार्थी घटत गेले, देणग्या पुरेनात आणि वडील स्वतः शाळेचे अध्यक्ष होऊन पैसे गोळा करत फिरले, तरी भागलं नाही. पंचेचाळीस वर्षं माणूस थांबला, आणि शाळाच थांबू शकली नाही. एका माणसाच्या निष्ठेवर संस्था किती दिवस चालवायची, याचं उत्तर तुमच्या घरानं पाहिलं आहे.

आता त्याच गावातली दुसरी गोष्ट. जर्नल स्क्वेअरपासून जवळच, केनेडी बुलेव्हार्डवर सेंट पीटर्स विद्यापीठ आहे. छोटं जेसुइट विद्यापीठ, शेजारून बस जाते, आमच्यातल्या कित्येकांना ते तिथं आहे हेही ठाऊक नव्हतं. २०२२ च्या मार्चमध्ये पंधरावं मानांकन असलेल्या त्यांच्या संघानं केंटकीला जादा वेळेत ८५–७९ असं हरवलं. मग मरे स्टेट, मग पर्ड्यू. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोचण्याची ती पहिलीच वेळ. केंटकीच्या प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार ऐंशी लाख डॉलरच्या वर होता, तर सेंट पीटर्सच्या शाहीन होलोवे यांचा तीन लाखांच्या आत. त्या दोन आठवड्यांत दुकानांच्या काचांवर मोराची चित्रं लागली, कारण संघाचं नाव पीकॉक्स. बसमध्ये, बँकेत, देवळाच्या पायरीवर लोक बास्केटबॉलबद्दल बोलू लागले.

२७ मार्चला नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना हरवलं आणि तीनच दिवसांनी, ३० मार्चला, होलोवे सीटन हॉलचे मुख्य प्रशिक्षक झाले. सीटन हॉल इथून काही मैलांवर, साउथ ऑरेंजला. तिथंच ते स्वतः खेळले होते, तिथंच सहायक होते. तुम्हीही त्याच कॉलेजचे. स्वतःच्या कॉलेजनं हाक मारली, पगार कित्येक पटींनी वाढला, समोर बिग ईस्टसारखी मोठी लीग. होलोवे यांना दोष देणाऱ्यांतली मी नाही. त्यांच्या जागी कोणीही असता तरी गेलाच असता. पण त्या उन्हाळ्यात संघ विस्कटला. केसी एंडेफो होलोवे यांच्यामागे सीटन हॉलला गेला, डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. पोरांनी साऱ्या देशाचं लक्ष आपल्या कॉलेजकडे वेधलं, आणि ऋतू बदलायच्या आत तो संघ उरला नाही.

ही साखळी कुठून सुरू झाली, तेही पाहण्यासारखं आहे. सीटन हॉलची खुर्ची रिकामी झाली, कारण केव्हिन विलर्ड मेरिलँडला गेले. मेरिलँडची रिकामी होती, कारण मार्क टर्जन यांनी डिसेंबरमध्येच, हंगाम चालू असताना, ती सोडली होती. म्हणजे मेरिलँडमध्ये एक माणूस उठला आणि त्याचा धक्का चार महिन्यांनी जर्सी सिटीतल्या पोरांना बसला. २०२५ मध्ये विलर्ड मेरिलँड सोडून विलानोव्हाला गेले. संघ स्पर्धेत खेळत होता तेव्हाच त्यांच्या जाण्याची चर्चा उघडपणे सुरू होती आणि शेवटच्या सामन्यानंतर तीन दिवसांत ती खरी ठरली. प्रत्येक पायरीवरच्या माणसाचं म्हणणं ऐकलं तर पटतं. तरीही सगळ्यात खालच्या पायरीवरच्या मुलांचं नुकसान होतंच.

सेंट पीटर्समध्ये होलोवे यांच्या जागी कोण आलं, ते तुम्ही जाणताच. बशीर मेसन. नेवार्कच्या सेंट बेनेडिक्ट्स शाळेत तुम्ही शिकवत होतात, तेव्हा तो तुमचा खेळाडू होता. पुढे वॅग्नर कॉलेजात तुमचा सहायक झाला. २०१२ मध्ये तुम्ही दोन वर्षांतच वॅग्नर सोडून ऱ्होड आयलंडला गेलात, तेव्हा तुमची जागा त्यानं घेतली. तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. दहा वर्षं तो तिथं टिकला. मग विस्कटलेलं सेंट पीटर्स हाती घेऊन दोन वर्षांत, २०२४ मध्ये, त्यानं लीगचं विजेतेपद मिळवलं आणि मुलांना पुन्हा एनसीएए स्पर्धेत नेलं. तुम्ही दुसरं विजेतेपद मिळवलंत तो हाच मार्च-एप्रिल. तुमच्या वाट्याला लेकर्सचं बोलावणं आलं, त्याच्या वाट्याला काही दिवसांचं कौतुक आलं.

हे सांगण्यामागे हेतू एवढाच, की तुम्हीही गेला आहात. वॅग्नर सोडलंत, सहा वर्षांनी ऱ्होड आयलंड सोडलंत आणि २०१८ मध्ये कनेटिकटला आलात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. गेला नसता तर आज तुमची ही कारकीर्द दिसलीच नसती. म्हणून थांबणारा तो चांगला आणि जाणारा तो स्वार्थी, ही वाटणी मला मान्य नाही. ब्रॅड स्टीव्हन्स बटलरसारख्या छोट्या विद्यापीठाला २०१० आणि २०११ अशी दोन वर्षं अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले, २०१३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाकडे गेले, आणि त्यांनी जायलाच हवं होतं, असं आज त्यांचं काम पाहून कोणीही म्हणेल. उलट शाका स्मार्ट व्हीसीयू विद्यापीठाला २०११ मध्ये फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारांत, घेऊन गेले, नंतर चार वर्षं मोठमोठ्या कॉलेजांना नकार देत राहिले, २०१५ मध्ये टेक्ससला गेले आणि तिथल्या सहा वर्षांत एनसीएए स्पर्धेतला एकही सामना जिंकू शकले नाहीत. त्यांची हुशारी टेक्ससला जाताना कुठे गेली नव्हती. मोठी नोकरी प्रत्येकाच्या हाताला बसतेच असं नाही, इतकंच. पुढे मार्केट विद्यापीठात ते पुन्हा बहरले.

मग थांबणारे थांबू कसे शकतात? तुमच्याच विद्यापीठात जीनो ऑरिएमा आहेत. १९८५ मध्ये ते महिला संघाचे प्रशिक्षक म्हणून आले आणि २०२५ मध्ये त्यांनी बारावं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. स्टॉर्ससारख्या आडगावात चाळीस वर्षं. ड्यूकचे माइक शशेफ्स्की बेचाळीस वर्षं एका जागी राहिले. २००४ मध्ये याच लेकर्सनी त्यांनाही बोलावलं होतं, तेही गेले नाहीत. पण त्या बेचाळीस वर्षांतलं तिसरं आठवा. १९८२-८३ च्या हंगामात ड्यूक अकरा सामने जिंकलं आणि सतरा हरलं. देणगीदार त्यांना काढा म्हणून मागे लागले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी त्यांना काढलं नाही, उलट पुढच्या हंगामात नवा करार दिला. पहिलं विजेतेपद यायला १९९१ उजाडावं लागलं. प्रशिक्षक थांबला, याच्या आधी विद्यापीठ त्याच्यासाठी थांबलं होतं.

तुमच्याही बाबतीत तसंच झालं. २०१८ मध्ये तुम्ही आलात तेव्हा संघ आदल्या हंगामात चौदा सामने जिंकून अठरा हरला होता. तुमच्या पहिल्या वर्षीही जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. २०२१ आणि २०२२ मध्ये एनसीएए स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाहेर पडलात. कुणी घाई केली असती तर २०२३ चं विजेतेपद तुमच्या हातून घडलंच नसतं. आणि २०२४ मध्ये लेकर्सना नकार दिल्यावर पुढच्याच महिन्यात विद्यापीठानं तुमच्याशी सहा वर्षांचा, पाच कोटी डॉलरचा करार केला. तुम्ही पैशासाठी थांबलात असं मी म्हणत नाही. सात कोटी सोडून पाच कोटी घेणाऱ्याबद्दल तसं कोण म्हणेल? पण पाच कोटी देऊ शकणारी संस्था पाठीशी असली, की नाही म्हणताना घरखर्चाची, म्हातारपणाची, मुलांच्या शिक्षणाची काळजी आड येत नाही. मेसनसारख्या माणसाला ही सवलत नाही. उद्या त्याला मोठं बोलावणं आलं आणि तो गेला, तर गावातलीच माणसं त्याला नावं ठेवतील. तुम्ही थांबलात म्हणून ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांतलेच असतील ते.

या सगळ्यात मागे राहणाऱ्या मुलाचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या इमारतीतला एक मुलगा एका लहान कॉलेजात शिष्यवृत्तीवर खेळत होता. कोणतं कॉलेज ते सांगत नाही. एका वसंतात सुट्टीला घरी आला असताना तळघरातल्या लॉन्ड्रीत मला भेटला. तो मशीनमध्ये कपडे भरत होता, फोन मशीनच्या झाकणावर ठेवला होता. फोन वाजला. संघातल्या कोणीतरी बातमी पाठवली होती, की त्यांचे प्रशिक्षक मोठ्या कॉलेजात निघाले. तो वाचत राहिला, हातातला ओला टॉवेल तसाच. मग मला म्हणाला, ‘मावशी, परवाच त्यांनी मला पुढच्या वर्षी कर्णधार करणार म्हणून सांगितलं होतं.’ प्रशिक्षकांचा स्वतःचा निरोप आला तो त्यानंतर दोन तासांनी, सगळ्या संघाला मिळून एकच.

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. नवे प्रशिक्षक आपली मुलं घेऊन आले. जुन्यांना कोणी जा म्हणालं नाही, पण खेळायला मिळणार नाही एवढं समजेल असं सांगितलं. त्यानं ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घातलं, दुसरं कॉलेज मिळालं, पण तिथं त्याचे अकाउंटिंगचे बरेच विषय मान्य झाले नाहीत. दीड वर्षात हाती येणारी पदवी आणखी लांबली. आई हॉस्पिटलात रात्रपाळी करते. वाढीव खर्च कुठून आणायचा, याचे हिशेब त्या दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मांडले. मी चहा घेऊन बसले होते, मला ते आकडे ऐकवत नव्हते. त्या प्रशिक्षकानं कायदा मोडला नाही, कोणाला फसवलं नाही. पण त्याच्या बढतीची किंमत कुणी चुकवली, ते माझ्यासमोर होतं.

यावर लोक म्हणतात, आता खेळाडूही कुठे एका जागी राहतात? खरं आहे. २०२१ पासून मुलं एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलू शकतात, त्याच वर्षापासून स्वतःच्या नावावर पैसे मिळवू शकतात आणि २०२५-२६ पासून कॉलेजं त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. त्यासाठी पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा होती. या सुधारणा मला मनापासून पटतात. प्रशिक्षकाला लाखो डॉलर आणि घाम गाळणाऱ्या पोराला फक्त शाबासकी, हा अन्याय फार वर्षं चालला. पण एवढी रक्कम मोजणं सेंट पीटर्ससारख्या कॉलेजला शक्य नाही. त्यामुळे लहान आणि मोठ्यातली दरी आणखी रुंदावली, आणि लहान जागी मन लावून काम करणाऱ्या प्रशिक्षकाला दर उन्हाळ्यात नवा संघ बांधावा लागतो. व्हर्जिनियाच्या टोनी बेनेट यांनी २०१९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदानंतर पगारवाढ नाकारली होती आणि पत्नीसह पाच लाख डॉलर खेळाडूंच्या पुढच्या आयुष्यासाठी दिले होते. तेच बेनेट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना, बाजूला झाले. या नव्या वातावरणाला आपण योग्य नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांना थांबायचं आहे तेच थकून जात असतील, तर नुसत्या कौतुकानं भागणार नाही.

आणखी एक विसंगती बघा. खेळाडूंना कॉलेज बदलायचं असेल तर नाव घालण्याला ठरावीक दिवसांची मुदत आहे. प्रशिक्षकांच्या बोलण्यांना कसलीही मुदत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला तारीख पाळावी लागते आणि पन्नाशीच्या माणसाला, त्याच्या एजंटला, त्याला बोलावणाऱ्या क्रीडा संचालकाला पाळावी लागत नाही. शिस्त शिकवणाऱ्या माणसांच्या धंद्यात हे शोभत नाही.

म्हणून तुमच्याकडे काही मागण्या आहेत. तुमच्याकडेच, कारण आज या खेळात तुम्ही बोललात तर ऐकलं जातं, आणि ज्यानं मोठं बोलावणं परतवलं त्यानं हे बोललं तर त्याला कोणी मत्सरी म्हणू शकत नाही.

पहिली मागणी. प्रशिक्षकांनाही मुदत लावायची बाजू घ्या. ज्याचा संघ अजून स्पर्धेत आहे त्याच्याशी, किंवा त्याच्या एजंटशी, कोणत्याही कॉलेजनं बोलणी करायची नाहीत. अंतिम सामना झाल्यावर काही दिवस नेमून द्यायचे, त्यातच ये-जा व्हायची. आणि जायचं ठरलं की सर्वांत आधी मुलांना समोर बसवून सांगायचं, फोनवर बातमी यायच्या आधी. ही साधी माणुसकी आहे, पण स्पर्धा इतकी वाढली आहे की ती नियमात लिहिल्याशिवाय पाळली जाणार नाही.

दुसरी मागणी पैशाची. लहान कॉलेजचा प्रशिक्षक नेताना करार मोडल्याची भरपाई द्यावी लागते, तिला इथं बायआउट म्हणतात. ही रक्कम कॉलेजच्या खात्यात जमा होते. ज्या मुलांच्या खेळामुळे त्या प्रशिक्षकाची किंमत वाढली, त्यांच्यासाठी त्यातला ठरावीक भाग राखून ठेवावा. मुलं तिथं राहिली तर पदवी हाती येईपर्यंतची शिष्यवृत्ती त्यातून द्यावी. जावं लागलं तर वाया गेलेल्या विषयांचा आणि लांबलेल्या शिक्षणाचा खर्च त्यातून भरावा. मोठ्या कॉलेजला हा भार वाटणार नाही, पण एखाद्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावरचा हिशेब त्यानं सुटेल.

तिसरी मागणी, लहान जागी थांबणाऱ्यांना बळ द्या. मोठी कॉलेजं लहान कॉलेजांना आपल्या मैदानावर बोलावतात, पैसे देतात, हरवतात आणि परत पाठवतात. लहान कॉलेजांच्या जिममध्ये जाऊन खेळायला सहसा कोणी तयार होत नाही. तुम्ही व्हा. एका वर्षी तुमचा संघ घेऊन सेंट पीटर्सच्या मैदानावर या, एका वर्षी वॅग्नरला जा. तिकिटांचा पैसा तिथंच राहू द्या. राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला संघ दारात आला तर देणगीदार येतील, टीव्ही येईल, पुढच्या वर्षी शिकायला मुलं येतील. कॉलेजकडे थोडे पैसे आले, तर मेसनसारख्या माणसाला थांबायचं असेल तेव्हा त्याला हातात काही देता येईल. तुमच्या वडिलांच्या शाळेला हे बळ वेळेवर मिळालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार तुमच्याइतका कोणी केला नसेल.

तो ६ जून २०२४ चा दिवस आठवा. लेकर्स तुमच्या मागे आहेत ही बातमी ईएसपीएनच्या एड्रियन वॉयनारॉव्स्की यांनी दिली होती. त्यांनीच २००५ मध्ये तुमच्या वडिलांच्या शाळेवर आणि संघावर पुस्तक लिहिलं होतं. तीन महिन्यांनी त्यांनी वर्षाला लाखो डॉलर देणारी नोकरी सोडली आणि ते सेंट बोनाव्हेंचर या आपल्या छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे जनरल मॅनेजर झाले. लहान जागेचं काम मोलाचं आहे हे त्यांनी पगारावर पाणी सोडून दाखवलं. प्रत्येकाला ते जमणार नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही धरू नये. चांगल्या माणसाला लहान जागी राहायचं असेल तर त्यासाठी त्याच्या कुटुंबाची ओढाताण होऊ नये, आणि जायचं असेल तर त्याच्या जाण्यानं विशीतल्या पोरांचं शिक्षण मोडू नये, इतकी व्यवस्था आपण नक्की उभी करू शकतो.

तुम्ही थांबलात याचा मान तुम्हाला मिळालाच आहे. आता ज्यांना थांबायचं आहे पण परवडत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना कुणी न विचारता मागे सोडलं जातं त्या मुलांसाठी बोला. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक ठरेल तेव्हा त्यात केनेडी बुलेव्हार्डवरचा एक सामना घाला. आम्ही जर्सी सिटीकर मराठी मंडळी तिकिटं काढून, पोराबाळांसह येऊ.



आपली नम्र,
जर्सी सिटीतली एक मराठी रहिवासी